हिरवा रिपोर्ट लाल कसा झाला?

प्रश्न : माझे मिस्टर ६६ वर्षांचे, चिंचवडच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले. बारा वर्षांपासून मधुमेह आहे, ब्लडप्रेशरही आहे. जूनमध्ये एका सकाळी दाढी करताना त्यांना उजव्या डोळ्याने आरशात स्वतःची हनुवटीच दिसेना. दुखत काही नव्हतं. डॉक्टरांनी डोळ्याच्या नसेला रक्त कमी पडल्याचं सांगितलं. फाइलवर ‘नॉन-आर्टेरिटिक अँटिरिअर इस्केमिक ऑप्टिक न्यूरोपथी’ लिहिलंय. ओसीटी स्कॅनमध्ये नसेच्या तंतूंची जाडी १८७ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) आली, म्हणजे सूज. स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, पण साखर चारशेवर गेल्यामुळे त्या लवकर कमी करून थांबवाव्या लागल्या. दीड महिन्याने दुसरा स्कॅन केला : ९६, सगळं हिरवं. आम्ही देवापुढे पेढे ठेवले. आता साडेतीन महिन्यांनी तिसरा : ६१, आणि अर्धं चित्र लाल. नजर मात्र आधीपेक्षा किंचित बरी आहे असं हे म्हणतात. मुलाचं म्हणणं, स्टेरॉइड थांबवलं म्हणून नस सुकली. नणंद म्हणते, नस मोकळी करायचं ऑपरेशन असतं. एका ठिकाणी दर महिन्याला स्कॅन करा म्हणाले, दुसरीकडे डाय घालून फोटो काढा म्हणाले. हिरव्याचं लाल कसं झालं? मधे कोणाची चूक झाली? (हे रात्री इतके घोरतात की मी हल्ली हॉलमध्ये झोपते. प्रेशरची गोळी रात्री झोपताना घेतात. संबंध नसेल तर सोडून द्या.)
एक वाचक, सहकारनगर, पुणे

ताई,

मधल्या काळात कोणाच्या हातून काही बिघडलं, असं तुम्ही दिलेल्या तीन आकड्यांवरून तरी दिसत नाही. या आजारात आकडे असेच येतात : आधी खूप जास्त, मग नॉर्मल, मग कमी. दुसरा स्कॅन झाला तेव्हा नस बरी झालेली नव्हती. सूज उतरत होती, तिच्या आड तंतू कमी होत होते, आणि जास्तकडून कमीकडे जाताना नॉर्मलचा आकडा वाटेत लागतोच. तुमचा फोटो नेमका त्या आठवड्यात निघाला. पंधरा दिवस आधी गेला असतात तर १२०-१३० आला असता आणि कोणी पेढे आणले नसते. पंधरा दिवस उशिरा गेला असतात तर ऐंशीच्या घरात आला असता.

हे असं का होतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण तुमच्या घरातला सगळा वाद या एका आकड्याभोवती फिरतोय.

ओसीटीचं यंत्र डोळ्यात जवळजवळ न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश सोडतं आणि पडद्याच्या कुठल्या थरावरून तो किती परत येतो हे टिपून आतल्या थरांचं उभं छेदचित्र तयार करतं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हे तंत्र मांडलं. आज पुण्यातल्या कुठल्याही बऱ्या डोळ्यांच्या दवाखान्यात ते यंत्र असतं. नसेसाठी स्कॅन करताना यंत्र नसेच्या तोंडाभोवती साधारण ३.४ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ आखतं आणि त्या वर्तुळावर तंतूंचा थर किती जाड आहे ते मोजतं. निरोगी डोळ्यात सरासरी ९० ते १०० मायक्रॉनच्या आसपास येते, वयाप्रमाणे थोडी उतरते. यंत्र मोजतं ती एवढीच, जाडी. त्या जाडीत कामाचे तंतू किती, तुंबून फुगलेले किती आणि नुसतं पाणी किती, हे त्याला कळत नाही. पायावर सूज चढलेला अशक्त माणूस वजनकाट्यावर उभा राहिला तर काटा ‘वजन ठीक’ म्हणेल, तसंच हे.

आता मिस्टरांच्या डोळ्यात काय झालं ते बघा. डोळ्याच्या नसेत दहा लाखांच्या वर तंतू असतात आणि ते सगळे डोळ्याच्या मागच्या भिंतीतल्या एका अरुंद तोंडातून बाहेर पडतात. त्या तोंडाशी नसेला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या अगदी बारीक असतात. तिथे रक्ताचा दाब काही तास कमी पडला, की तंतूंमधून मेंदूच्या दिशेने चाललेली पेशींची मालवाहतूक तुंबते आणि तंतू फुगतात. जागा मुळात अरुंद, त्यामुळे फुगलेले तंतू शेजारच्यांनाच दाबतात आणि रक्त आणखी कमी पोचतं. तुमचा १८७ हा तो तुंबारा. पुढच्या दोन-तीन महिन्यांत तुंबारा ओसरतो, आणि जे तंतू त्या पहिल्या दिवसांत गेले त्यांचे अवशेष शरीर हळूहळू साफ करतं. मग खरी शिल्लक दिसते. नुकसान बहुतेक जूनमध्येच झालं होतं. स्कॅनवर ते ऑक्टोबरमध्ये दिसलं.

रंगांबद्दलही गैरसमज फार. बहुतेक यंत्रांत हिरवा म्हणजे त्या वयाच्या निरोगी माणसांच्या आकड्यांच्या मधल्या मोठ्या घोळक्यात बसणारी जाडी, आणि लाल म्हणजे शंभर निरोगी माणसांत एखाद्याचीच असेल इतकी कमी. सूज धोक्याची असली तरी लाल येत नाही, कारण लाल रंग कमी जाडीसाठी राखलेला आहे. ही रंगसंगती मुख्यतः काचबिंदूच्या पेशंटना डोळ्यापुढे ठेवून रूढ झाली. सुजलेल्या नसेच्या रिपोर्टवर ते रंग छापून पेशंटच्या हातात देणं मला कधीच फारसं पटलेलं नाही. तो कागद पुढे घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो आणि ‘सगळं हिरवं’ एवढंच लोक वाचतात.

६१ चा अर्थही ‘शंभरातले एकसष्ट उरले’ असा लावू नका. तंतू पूर्ण गेले तरी रक्तवाहिन्या आणि आधार देणाऱ्या पेशी उरतात, त्यामुळे हा आकडा साधारण पन्नाशीच्या आसपास येऊन थांबतो, शून्यावर जात नाही. आणि हो, स्कॅन खाली गेला पण नजर किंचित सुधारली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. सूज उतरल्यावर उरलेल्या तंतूंचं काम थोडं मोकळं होतं, आणि माणूस नकळत मान व डोळा जरा फिरवून, चांगल्या भागाने बघायला शिकतो. म्हणून ‘हे किंचित बरं दिसतंय म्हणतात’ हे वाक्य मी ६१ पेक्षा जास्त गंभीरपणे घेतो.

सरासरी आकड्याऐवजी वर्तुळाचे चार भाग बघा. रिपोर्टवर एस, एन, आय, टी अशी अक्षरं असतील. एस म्हणजे वरचा भाग, आय म्हणजे खालचा, एन नाकाकडचा, टी कानशिलाकडचा. पडद्यावर चित्र उलटं पडतं, त्यामुळे हनुवटी दिसत नव्हती म्हणजे नसेचा वरचा भाग दुखावलेला असणार. तुमचं ‘अर्धं लाल’ हे वरचं अर्धं असेल आणि पेरिमेट्रीत (फील्डच्या तपासणीत, ज्यात ठिपका दिसला की बटण दाबायचं असतं) खालचा भाग काळा येत असेल, तर सगळं जुळलं. लाल भलत्याच भागात असेल, किंवा यापुढेही महिन्यांमागून महिने जाडी आणि नजर दोन्ही घसरत राहिली, तर मात्र हा आजार तसा वागत नाही. मग नसेवर कुठे काही दाब तर येत नाही ना, हे बघायला एमआरआय लागतो. आज, सरधोपटपणे, लागत नाही.

आणखी एक स्कॅन असतो, तो पडद्याच्या मध्यभागाचा, म्हणजे मॅक्युलाचा. ज्या पेशींमधून नसेचे तंतू निघतात त्या गँग्लियन पेशींचा थर तिथे मोजता येतो. तो थर नसेच्या तोंडासारखा फुगत नाही, त्यामुळे नसेची सूज कायम असतानाच, दोन ते चार आठवड्यांत, तो बारीक होऊ लागलेला दिसतो. दीड महिन्याच्या भेटीत हा स्कॅन झाला असेल तर फाइलमध्ये शोधा. हिरव्या पानाच्या मागेच खरी परिस्थिती छापलेली सापडेल. झाला नसेल तरी बिघडलं काही नाही. तो बघून उपचार बदलला नसता, फक्त तुमची समजूत वेळेवर झाली असती.

आता मुलाचा मुद्दा. या आजारात स्टेरॉइडचा उपयोग होतो का, यावर आजही एकमत नाही. मूळचे पंजाबचे आणि पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात काम केलेले डॉ. सोहन सिंग हेरेह यांनी याच आजारावर हयातभर काम केलं. ‘अँटिरिअर इस्केमिक ऑप्टिक न्यूरोपथी’ हे नाव १९७४ मध्ये त्यांनीच रूढ केलं. २००८ मध्ये त्यांनी सहाशेवर रुग्णांचा अभ्यास छापला, त्यात स्टेरॉइड घेतलेल्यांची नजर जास्त सुधारलेली दिसली. पण त्या अभ्यासात गोळ्या घ्यायच्या की नाही हे रुग्णांनी स्वतः ठरवलं होतं, आणि इतर अभ्यासांत तसा फायदा हाती लागला नाही. चारशेच्या वर गेलेली साखर हे मात्र खात्रीचं नुकसान आहे. ज्यांनी गोळ्या थांबवल्या त्यांनी योग्य केलं, असं मी तुमच्या चिरंजीवांना लेखी द्यायला तयार आहे.

ऑपरेशनचं लवकर आटोपतो. नसेच्या आवरणाला छेद देऊन दाब कमी करायची एक शस्त्रक्रिया खरोखर होती. अमेरिकेत तिची रीतसर चाचणी झाली आणि १९९५ मध्ये निकाल आला : ऑपरेशन केलेल्यांपैकी जवळपास २४ टक्के लोकांची नजर डोळे तपासायच्या अक्षरांच्या तक्त्यावर तीन किंवा जास्त ओळींनी आणखी कमी झाली, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं. ती शस्त्रक्रिया या आजारासाठी तिथेच संपली. नणंदबाईंना त्याच चाचणीतला दुसरा आकडा सांगा : काहीही न करता सहा महिन्यांत तीन ओळी किंवा जास्त सुधारणा झालेले सुमारे ४३ टक्के होते.

डाय घालून फोटो, म्हणजे अँजिओग्राफी, हातातल्या शिरेत पिवळा रंग टोचून करतात. काहींना मळमळते, लघवी दिवसभर पिवळी-केशरी होते, क्वचित मोठी ॲलर्जीही येते. सुरुवातीच्या दिवसांत, विशेषतः रक्तवाहिनीच्या दाहाचा संशय असेल, तेव्हा ती फार उपयोगी पडते, कारण नसेच्या आसपास मोठ्या भागात रक्तच पोचत नसेल तर ते लगेच दिसतं. साडेतीन महिन्यांनी, सूज उतरल्यावर, ती करून हाती काय लागणार? बिनडायची ओसीटी अँजिओग्राफी तुम्हाला कोणी सुचवली तर तेच उत्तर. चित्रं देखणी येतात, केशवाहिन्या विरळ झालेल्या दिसतात, पण तंतू कुठल्याही कारणाने गेले तरी त्यांच्या जागच्या केशवाहिन्या विरळ होतातच. संशोधनासाठी ते ठीक. तुमच्या खिशातून नको.

दर महिन्याच्या स्कॅनचीही गरज मला दिसत नाही. सूज उतरल्यानंतरचा हा तिसरा स्कॅन म्हणजे तुमची नवी पायरी, पुढचे स्कॅन याच्याशी ताडायचे. सहा महिन्यांच्या सुमाराला एकदा स्कॅन आणि पेरिमेट्री करून ती स्थिर आहे हे बघा, मग वर्षातून एकदा. शक्यतो त्याच यंत्रावर करा. दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. रिपोर्टवर सिग्नलची प्रत लिहिलेली असते, ती कमी असेल तर मोतीबिंदू किंवा कोरड्या डोळ्यामुळेही थर खोटा बारीक दिसतो. आणि कृपा करून काळीपांढरी झेरॉक्स नेऊ नका, डॉक्टरला त्यातून काहीच वाचता येत नाही.

आता तुम्ही कंसात टाकलेल्या दोन ओळी. अख्ख्या पत्रात मला त्याच सगळ्यात मोलाच्या वाटल्या. उजवा डोळा जे गमावायचं ते गमावून बसला आहे. स्कॅनवाद घालून त्यातलं फार काही परत येणार नाही. प्रश्न डाव्याचा आहे. पुढच्या पाच वर्षांत दुसऱ्या डोळ्यालाही हाच त्रास होण्याचं प्रमाण साधारण १५ टक्के आहे, म्हणजे सात जणांत एकाला. घाबरून जावं इतकं नाही, पण सोडून द्यावं इतकं कमीही नाही.

हा आजार बऱ्याच जणांना सकाळी उठल्यावर लक्षात येतो. रात्री झोपेत बहुतेकांचं ब्लडप्रेशर उतरतं. त्यात झोपताना प्रेशरची गोळी घेतली तर काहींचं जरा जास्तच उतरतं, आणि अरुंद तोंडाच्या नसेला ते सोसत नाही, असं बरेच तज्ज्ञ मानतात. म्हणून फिजिशियनना स्पष्ट विचारा : ही गोळी सकाळी किंवा संध्याकाळी लवकर घेता येईल का? चोवीस तासांचं प्रेशर नोंदवणारा पट्टा एक दिवस बांधता येईल का? स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, प्रेशर चढलं तर मेंदू आणि हृदय त्याची किंमत मोजतात.

घोरण्याचं तर मी आधी लिहायला हवं होतं इतकं ते महत्त्वाचं आहे. मोठ्याने घोरणं, मधेच श्वास अडकून दचकणं, दिवसा पेपर वाचता वाचता डुलकी लागणं, हे स्लीप ॲप्नियाचं (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याच्या विकाराचं) चित्र आहे आणि या आजाराच्या रुग्णांत ते बरंच आढळतं. त्यासाठी झोपेची तपासणी होते, पुण्यात ती घरीही करून देतात. दोष निघाला तर रात्री नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र वापरावं लागतं. दोन-चार रात्री बेडरूममध्ये झोपून, श्वास अडकतो का याचा मोबाइलवर आवाज टिपून डॉक्टरांना ऐकवा. तुमच्या हॉलमधल्या झोपेचाही प्रश्न कदाचित त्यातून सुटेल.

औषधांची यादी सगळी काढा. मधुमेह किंवा वजनासाठी सेमाग्लुटाइड सुरू असेल तर फिजिशियनशी बोला. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी हा आजार त्याचा अतिशय दुर्मीळ दुष्परिणाम म्हणून नोंदवला आहे, दहा हजारांत एकापर्यंत. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं ॲमिओडॅरोनही यादीत असेल तर सांगा. आणि सिल्डेनाफिलच्या (म्हणजे व्हायग्राच्या) जातीची गोळी मिस्टर कधी घेत असतील तर ती त्यांनी स्वतःच डॉक्टरांना एकट्याने सांगावी. या वयाचे पुरुष ती बायकोपासूनच काय, डॉक्टरपासूनही लपवतात, आणि एक डोळा गेल्यावर ती न घेण्याचाच सल्ला दिला जातो.

डाव्या डोळ्याचा ओसीटी फाइलमध्ये असेलच, कारण दोन्ही डोळ्यांचा एकत्र छापतात. त्यात नसेच्या तोंडाशी असणारा खळगा, म्हणजे कप, किती मोठा आहे ते डॉक्टरांकडून समजून घ्या. खळगा जवळजवळ नसेल तर तोंड भरगच्च आहे, आणि वरच्या सगळ्या गोष्टी आणखी मनावर घ्यायला हव्यात. ओसीटीचा आज तुम्हाला खरा उपयोग आहे तो या, न बिघडलेल्या डोळ्याच्या पानावर.

एक गोष्ट फाइलमध्ये नक्की बघा : जूनमध्ये ईएसआर आणि सीआरपी या, शरीरातला दाह दाखवणाऱ्या, रक्ततपासण्या झाल्या होत्या का? पन्नाशीनंतर नसेचा रक्तपुरवठा रक्तवाहिनीच्या दाहामुळेही तुटतो. आपल्याकडे तो प्रकार कमी दिसतो, पण दिसतो, आणि त्यात दुसरा डोळा काही दिवसांत जाऊ शकतो. तिथे स्टेरॉइड ताबडतोब आणि भरपूर द्यावं लागतं, साखर सांभाळत सांभाळत. भाकरी चावताना जबडा भरून येणं, केस विंचरताना डोकं हुळहुळणं, कानशिलाशी नवी डोकेदुखी, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काही होतं का ते मिस्टरांना आज विचारा. साडेतीन महिने डावा डोळा शाबूत आहे, म्हणजे शक्यता कमी. तरी तपासण्या राहिल्या असतील तर या आठवड्यात करून घ्या.

गाडीचं तुम्ही विचारलं नाही, पण सहकारनगरात दुचाकीशिवाय कोणाचं चालत नाही म्हणून सांगतो. दोन्ही डोळे उघडे असताना डावा डोळा खालची बरीच उणीव भरून काढतो, पण अंतराचा अंदाज चुकतो. संध्याकाळच्या अंधुक उजेडात सातारा रोडवरचे स्पीडब्रेकर आणि समोरून येणारे रिक्षावाले यांचा हिशोब एका डोळ्यावर सोपा नाही. दोन्ही डोळ्यांची मिळून फील्डची तपासणी होईपर्यंत स्कूटर मुलाला चालवू द्या.

रोज सकाळी एक डोळा झाकून दुसऱ्याने भिंतीवरचं कॅलेंडर बघायची सवय मिस्टरांना लावा, वरच्या महिन्याच्या नावापासून खालच्या ओळीपर्यंत. डाव्या डोळ्यापुढे अचानक मळभ आलं, वरचा किंवा खालचा भाग गेला, तर दुखत नाही म्हणून उद्यावर टाकू नका. रविवार असो की विसर्जनाचा दिवस, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा, आणि तिन्ही रिपोर्टची रंगीत फाइल सोबत न्या.